नंबर प्लेट सोडून सगळं मिळतं

पुण्यात मोटरसायकलचा कुठलाही भाग करून मिळतो. भोसरी एमआयडीसीत लेझरवर प्लेट कापून मिळते, पाइप वाकवून मिळतो, बुश टर्निंग करून मिळतो. नाना पेठेत जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स आणि येझदीचं हँडल सापडतं, बोहरी आळीत हवा तो नटबोल्ट. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात तासभर हिंडलं, तर जी वस्तू आपल्याला हवी आहे हे माहीतही नव्हतं तीही हाताला लागते. आर्गन वेल्डिंग, पावडर कोटिंग, क्रोम, सीटचं रेग्झिन, वायरिंग, सगळं दुचाकीवरून एका दिवसात फिरून होईल एवढ्या टापूत आहे. आणि जोडून उभी राहिलेली गाडी तपासायची म्हटलं, तर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय इथल्याच टेकडीवर आहे. देशभरातल्या गाड्यांची मान्यता ठरवणारी ही संस्था पुष्कळ पुणेकरांना सकाळी फिरायला जायची जागा म्हणूनच ठाऊक आहे, ती गोष्ट वेगळी.

मिळत नाही ती नंबर प्लेट. स्वतः आखलेली, स्वतः जोडलेली मोटरसायकल संगम पुलाजवळच्या आरटीओत नेऊन ‘ही मी बांधली आहे, तपासा आणि नोंदवा’ असं म्हणायची सोय आपल्याकडे नाही. गाडी चांगली की वाईट, हा प्रश्न तिथवर पोचतच नाही. माझं म्हणणं असं की ही काही चार हौशी पोरांची कुरकुर नाही. दुचाकीवर एवढी घरं चालणाऱ्या शहरानं, एक माणूस एक गाडी बांधू शकतो हे कागदावर कबूलच करायचं नाही, यात शहराचं नुकसान आहे. आणि ज्या सुरक्षिततेच्या नावानं हे दार लावून घेतलंय, ती सुरक्षितताही त्यातून पदरात पडत नाही.

आधी आपल्याच बाजूची घाण काढू. ‘कस्टम’ म्हणून रस्त्यावर जे दिसतं, त्यातलं बहुतेक निव्वळ वेषांतर असतं. मूळ सायलेन्सर काढून पोकळ नळकांडं लावायचं, इंडिकेटर उपटायचे, मागचं मडगार्ड कापायचं, दिल्लीहून मागवलेलं रुंद हँडल बसवायचं आणि टाकीवर कवटी काढून घ्यायची. यात घडवलेलं काही नसतं. रेडिमेड कुर्त्याची बटणं बदलली म्हणून कोणी शिंपी होत नाही. सायलेन्सर फोडत रात्री अकराला जाणाऱ्याविषयी मला काडीची सहानुभूती नाही. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पाळायला लावलीच पाहिजे. वाहतूक पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडतात त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की आपला कायदा हा कर्कश पोरगा आणि सहा महिने खपून फ्रेम बांधणारा माणूस यांच्यात फरकच करत नाही.

तो दुसरा माणूस नेमकं करतो काय, ते जवळून पाहायला हवं, कारण इथेच बहुतेकांचा समज चुकतो.

गाडी बांधणं म्हणजे इंजिन बांधणं नव्हे. इंजिन बहुधा जुनंच असतं: कास्ट आयर्न बुलेटचं, येझदीचं, आरएक्स-१००चं. खरी कसोटी फ्रेमची. मागचा भाग नव्यानं करायचा तर आधी सीमलेस पाइप वाकवावा लागतो. मशीन नसेल तर जुनी रीत अजून चालते: पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, गॅसनं लाल करायचा आणि साच्याभोवती ओढायचा. वाळू आतून आधार देते, म्हणून पाइप चेपत नाही. पण वाळू आधी भाजून कोरडी केली नसेल तर आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि टोकाचं बूच गोळीसारखं सुटतं. हे पुस्तकात वाचून कळतं, पण ती वाळू दोनदा भाजायची अक्कल वर्कशॉपमध्येच येते.

मग जिग. जाड बीमवर किंवा प्लेटवर पुढच्या-मागच्या आसाच्या जागा, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बोल्ट, इंजिनचे माउंटिंग, सगळं पक्कं आवळून ठेवायचं आणि मगच टॅक मारायचे. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि पाइपाला आपल्याकडे ओढतं. एकाच बाजूनं सलग शिवण मारत गेलात तर हँडलचा पाइप एखाद-दोन अंशांनी तिरका होतो. मग कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या, वाट्या बसत नाहीत, बसल्या तरी गाडी कायम एका अंगाला ओढते. म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थांबायचं, मोजायचं, पुन्हा मारायचं. यात घाईला जागा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे डोळ्यांना दिसत नाही ते. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे टेकते. त्या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि गाडी सरळ धावते ती मुख्यत्वे त्याच्या जोरावर. समजा, चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर आहे, टीचा, म्हणजे पुढचे दोन्ही पाइप धरणाऱ्या ब्रॅकेटचा, ऑफसेट ६० मिलिमीटर आणि हँडलच्या पाइपाचा कल उभ्यापासून २७ अंश. ट्रेल येतो साधारण ९६ मिलिमीटर. आता चॉपरची ऐट हवी म्हणून कोणी कल ३८ अंशांवर नेला आणि टी तीच ठेवली, तर ट्रेल होतो १७४ मिलिमीटर. जवळपास दुप्पट. हायवेवर गाडी रुळावर असल्यासारखी धावेल, पण लक्ष्मी रोडच्या गर्दीत चालण्याच्या वेगानं वळवायला गेलात की हँडल स्वतःच्या वजनानं एका बाजूला पडायला बघेल. उपाय आहे: टीचा ऑफसेट वाढवून नवीन टी कातून घेणं. ज्याला हे गणित येतं तो ती कातून घेतो. ज्याला येत नाही तो इन्स्टाग्रामवर फोटो टाकतो. आजच्या कायद्यापुढे दोघं सारखेच.

टाकीचं आणखी निराळं. आधी जाड कागदाचे तुकडे कापून आकार ठरवायचा, तेच पत्र्यावर उतरवायचे, मग ठोकत ठोकत पत्र्याला फुगवटा आणायचा. पत्रा ठोकून त्याला गोलाई देणं आणि पृष्ठभागावर एकसारखे ठसे उठवणं या कामाला मठारकाम म्हणतात, आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते पेशवाईपासून चालत आलेलं आहे. हंडे-बंब विकले जाईनात तेव्हा तिथल्या कारागिरांनी दिवे आणि शोभेच्या वस्तू करायला घेतल्या. मोटरसायकलची टाकी त्या हाताला परकी नाही. वेल्डिंग झाल्यावर आत थोडी हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी फिरवायचं; बुडबुडा आला की तिथे पुन्हा काम.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. एवढ्या कारखान्यांच्या शहरात एकच वस्तू करून घेणं हे सर्वात कठीण काम आहे. भोसरीत एखाद्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग घेऊन गेलात की पहिला प्रश्न ठरलेला.

‘किती नग?’

‘एकच आहे, काका.’

‘एका नगासाठी मशीन कोण सेट करणार? शंभर आण, लगेच करून देतो.’

काकांचं चूक नाही. सेटिंगला लागणारा वेळ एका नगालाही तेवढाच आणि हजारालाही तेवढाच. पण या प्रश्नात पुण्याच्या उद्योगाचा सगळा स्वभाव आला आहे. इथे भाग बनतात, तेही कोट्यवधींनी. गाडी फार थोड्या ठिकाणी बनते. बारा वर्षं एकाच व्यासाचा शाफ्ट मायक्रॉनमध्ये कातणाऱ्या टर्नरला तो शाफ्ट गाडीत कुठे बसतो हे ठाऊक असेलच असं नाही. आणि हे कामगारापुरतंच नाही. मोठ्या कंपनीतला इंजिनिअरही आपल्या ब्रॅकेटचा आणि आपल्या ईमेलचा धनी असतो. पूर्ण यंत्राचा विचार करायची संधी या शहरात फार थोड्यांना मिळते, आणि जो एकट्यानं एक मोटरसायकल बांधतो त्याला ती नाइलाजानं घ्यावीच लागते. ब्रेकचा पिस्टन, चाकाचा व्यास, सस्पेन्शनचा प्रवास, टाकीतला पेट्रोलचा भार, यांतलं एक हललं की बाकी सगळं हलतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, गाडीच शिकवते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. केरळ उच्च न्यायालयानं याचा थोडा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी तो फिरवला आणि मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलं. रंग बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टी तेवढ्या सुटल्या. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आणलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सहा बदल असतील तर तीस हजार, हिशोब सरळ आहे. अगदी कोरी गाडी बांधायची म्हटली तर केंद्रीय नियमांतला १२६ वा नियम आडवा येतो: उत्पादकानं नमुना एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्य करून घ्यायचा. हा नियम लाखो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी लिहिलेला आहे. एकाच गाडीसाठी सगळ्या चाचण्यांचा खर्च करणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

न्यायालयाचा निकाल चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कायदा जसा लिहिला आहे तसाच त्यांनी वाचला. वेल्डिंग सुटलेली फ्रेम फक्त चालवणाऱ्याला मारत नाही, समोरच्या रिक्षेतल्या बाईलाही मारते, आणि त्या बाईनं कुणाच्या हौशीसाठी जोखीम का घ्यावी? हा प्रश्न खरा आहे, आणि हौशी मंडळी तो टाळतात ते चूक आहे. पण बंदीनं या प्रश्नाचं उत्तर मिळतं का?

घडतं ते असं. जुन्या गाडीचे कागद बाजारात मिळतात. आरटीओत गाडी तपासायला गेली की चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. तो ठसा जुळला की गाडी तीच. म्हणून बांधणारा हुशारीनं फ्रेमचा तेवढाच तुकडा राखतो ज्यावर नंबर ठोकलेला आहे, आणि बाकी सगळं नवं करतो. कायद्याच्या लेखी ती १९८७ ची बुलेटच. कायद्याच्या लेखी मोटरसायकल म्हणजे तो वीतभर पाइप. उरलेल्या दीडशे किलोंकडे कोणी बघत नाही, त्यावरचे वेल्ड कोणी तपासत नाही, ब्रेक किती मीटरमध्ये थांबवतो हे कोणी मोजत नाही. मोजायचं म्हटलं तर बांधणाराच घाबरतो, कारण गाडी दाखवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. अपघात झाला की विमा कंपनी आधी मूळ तपशील काढते आणि नुकसानभरपाईचं घोडं तिथेच पेंड खातं. ज्या रिक्षेतल्या बाईसाठी हे सगळं चाललंय, तिच्यापुढून ती न तपासलेली गाडी रोज जातेच आहे. बंदीनं गाड्या थांबल्या नाहीत, तपासणी थांबली.

बरं, घरगुती वेल्डिंगवर कायद्याचा विश्वासच नाही असंही नाही. पुण्यात कुठल्याही चौकात दहा मिनिटं उभे राहा, मागे बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर दिसेल. दिव्यांग माणसाच्या रोजीरोटीचं ते साधन असतं. ती चाकं, त्यांचा आडवा दांडा, त्याचे ब्रॅकेट, हे सगळं कुठल्या तरी छोट्या वर्कशॉपमध्ये वेल्ड केलेलं असतं. कायद्यात अशा वाहनाची व्याख्या आहे, कलम ५२ मध्ये त्यासाठी वाट आहे, आरसीवर त्याची नोंद होते. म्हणजे हातानं बांधलेला भाग रस्त्यावर येऊ शकतो, हे तत्त्व सरकारनं मान्य केलेलंच आहे. आणि ते योग्यच केलं. पेट्रोलची गाडी विजेवर करायच्या किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. बसची बॉडी गल्लीबोळात बांधणाऱ्यांना शिस्त लावायची वेळ आली तेव्हा बसबांधणी बंद केली नाही; त्यांच्यासाठी एआयएस-०५२ ही संहिता आणली. जिथे सरकारला गरज वाटली तिथे दार केलं. इथे कोणी ठोठावलंच नाही, किंवा ठोठावणाऱ्यांचे सायलेन्सर इतके मोठ्यानं वाजत होते की दुसरं काही ऐकू गेलं नाही.

दत्तात्रय लोहार यांचं नाव पुष्कळांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, या माणसानं भंगारातून चारचाकी केली. किक मारून सुरू होणारी, सुमारे साठ हजार रुपयांत. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ उद्योगपती आनंद महिंद्रांच्या नजरेला पडला. त्यांनी जाहीरपणे दोन गोष्टी सांगितल्या: कल्पकतेला दाद, आणि नियमात बसत नसल्यानं अधिकारी आज ना उद्या ही गाडी थांबवणार. बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली, ती चारचाकी महिंद्रा कंपनीकडे गेली. सगळ्यांना गहिवरून आलं. मलाही बरं वाटलं, महिंद्रांच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. पण शासन म्हणून आपण काय केलं? लोहारांच्या गाडीचा ब्रेक किती चांगला होता, स्टिअरिंगमध्ये किती ढिलाई होती, हे त्यांना कोणी लिहून दिलं नाही. कारखान्यातली गाडी बक्षीस म्हणून देऊन बांधणाऱ्याचं पुन्हा गिऱ्हाईक केलं, एवढंच झालं.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे, आणि ते ऐकून माणूस चक्रावतो. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानं कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडलं. सरकारदरबारी चकरा मारून चपला झिजल्या, पण नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमानांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनं त्याची नोंदणी केली, व्हीटी-एनएमडी या क्रमांकानं. २०१९ मध्ये उडवून पाहायची परवानगीही मिळाली. आपल्या पुण्यात सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेला ‘स्वयम्’ हा एक किलोच्या आतबाहेरचा उपग्रह इस्रोनं २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून कक्षेत सोडला. इस्रोनं तो आधी हलवून, तापवून, निर्वातात ठेवून पाहिला असणार हे उघड आहे. मुद्दा तोच आहे. विमानाला आणि उपग्रहाला दार मिळालं, कारण दाराशी तपासणारा माणूस उभा केला होता. त्याच कॉलेजातला पोरगा बुलेटचा मागचा भाग स्वतः बांधून जंगली महाराज रस्त्यावर आला, तर मात्र प्रत्येक बदलामागे पाच हजार.

ब्रिटननं २००३ मध्ये एकेकट्या मोटरसायकलची तपासणी सुरू केली. घरी बांधलेली गाडी केंद्रावर न्यायची. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, टोकदार कडा, आरसे, सगळं यादीनुसार बघतात. पास झाली की नोंदणी. जिचं वय किंवा मूळ ठरवता येत नाही तिला क्यू अक्षरानं सुरू होणारी पाटी मिळते, म्हणजे विकत घेणाऱ्यालाही लांबूनच कळतं. अमेरिकेत धुराच्या नियमांतून एका माणसाला आयुष्यात एका स्वतः बांधलेल्या मोटरसायकलची सूट आहे. एक, आणि आयुष्यात एकदाच. मला ही अट फार आवडते. धंदा करणाऱ्याला ती उपयोगाची नाही आणि हौशी माणसाला ती पुरून उरते.

हे देश श्रीमंत आहेत, त्यांना परवडतं, असं कोणी म्हणेल. पण या परंपरेतली मोठी नावं श्रीमंत प्रयोगशाळांतली नाहीत. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलमधला बर्ट मन्रो १९२० ची इंडियन स्काउट वर्षानुवर्षं शेडमध्ये सुधारत राहिला, पिस्टन स्वतः ओतत राहिला, आणि १९६७ मध्ये अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेच्या बॉनव्हिलवर ताशी १८३ मैलांहून जास्त वेगाचा विक्रम करून आला. त्याच देशातल्या जॉन ब्रिटननं नव्वदच्या दशकात मोजून दहा व्ही-१००० बांधल्या आणि कारखान्यांच्या संघांना घाम फोडला. यातलं काही सरकारी योजनेतून आलं नाही. सरकारनं एवढंच केलं की आडवं आलं नाही.

आपल्याकडे आडवं न येणं सगळ्यात अवघड, हे मान्य. ‘आरटीओला एवढी ताकद दिलीत तर एजंट पाच हजारात पासिंग करून देतील’ हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. म्हणूनच ही तपासणी आरटीओकडे नसावी. एआरएआय इथे आहे, नाशिक फाट्याला सीआयआरटी ही दुसरी चाचणी संस्था आहे. महिन्यातून दोन दिवस, आगाऊ नोंदणी करून, बांधणाऱ्यानंच पैसे भरून ब्रेकचं अंतर, आवाज, धूर, फ्रेमचं मोजमाप आणि वेल्डची तपासणी व्हावी. वेल्डला डाय लावून भेग बघायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. भोसरीतली कितीतरी वर्कशॉपं ती रोज करतात. बांधताना टप्प्याटप्प्याचे फोटो मागावेत, कारण पावडर कोटिंग झाल्यावर वेल्ड दिसत नाही. एका माणसाला आयुष्यात एक गाडी. पाच वर्षं विकता येणार नाही. इंजिनची क्षमता ठरावीक मर्यादेत. आणि आरसीवर ‘उत्पादक’ या रकान्यात कंपनीचं नाव नको, बांधणाऱ्याचं हवं. गाडी दुभंगली तर जबाबदार कोण हे मग शोधत बसावं लागणार नाही.

धुराचा आक्षेपही खरा आहे. बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू आहे आणि कास्ट आयर्न बुलेट त्यात सात जन्म बसणार नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे, तेही घरी बसवणं सोपं नाही. इथे तडजोड लागेल, आणि ती बांधणाऱ्याच्या बाजूनं झुकलेली नसावी. माझ्या मते इंजिन चालू मानकाचं, म्हणजे अपघातात मोडलेल्या एखाद्या ताज्या गाडीचं घ्यावं, त्याच्या सगळ्या सेन्सरसकट. जुन्या बुलेटचा ठोका ऐकायला मिळणार नाही म्हणून काही मंडळी रुसतील. रुसू देत.

आणखी एक आक्षेप आहे, तो बहुधा कोथरूडच्या सोफ्यावरून येतो: लाखभरात उत्तम गाडी मिळत असताना हा खटाटोप कशाला? आकुर्डीच्या बजाज कारखान्याचा इतिहास पाहावा. बजाजनं १९६० मध्ये पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर करायला घेतली. परवाना संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, पण तिच्या अंगाखांद्यावर व्हेस्पाच होती. दुसऱ्याचं ड्रॉइंग उत्तम रीतीनं धातूत उतरवणं आणि स्वतःचं ड्रॉइंग काढणं, यांमधलं अंतर पार करायला दशकं गेली. २००१ ची पल्सर हा त्या वाटेवरचा मोठा टप्पा. मधल्या काळात अर्ज भरून स्कूटरची वाट पाहणारी पिढी गेली. आज चाकणला केटीएम बनते, ट्रायम्फ बनते, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. बाळगावा. पण डोकं ऑस्ट्रियात किंवा इंग्लंडात आणि हात चाकणला, ही वाटणी कायमची का असावी? पुढचा डिझायनर पीएच.डी.तून येईल तसाच वाळू भाजणाऱ्या शेडमधूनही येईल, आणि दुसरी वाट आपण स्वतःच्या हातानं बेकायदेशीर केली आहे.

याच बजाजनं २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची मोटरसायकल काढली. जुन्या आयएनएस विक्रांत या युद्धनौकेच्या भंगारातलं लोखंड वितळवून तिच्यात वापरलंय, हीच तिची जाहिरात. लोकांनी कौतुकानं घेतली. भंगार कारखान्यात वितळलं की देशप्रेम, जुन्या बाजारातून आणून घरी वेल्ड केलं की कलम १८२-अ.

मोटार वाहन हा समवर्ती सूचीतला विषय असला तरी नियम दिल्लीत ठरतात. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय नियमांचे मसुदे हरकतींसाठी खुले करतं, आणि मानकं लिहिणाऱ्या समित्यांचं काम एआरएआयमधूनच चालतं. म्हणजे ज्यांना पटवायचं ती माणसं टेकडीवरच बसतात. त्यांच्याकडे जायचं तर कर्कश गाड्यांची रॅली काढून जाता येणार नाही. दहा गाड्या, त्यांची ड्रॉइंगं, ट्रेलची आकडेमोड आणि वेल्डचे रिपोर्ट घेऊन जावं लागेल. त्या दहातल्या काही पहिल्याच दिवशी नापास होतील. पुढचा ब्रेक ‘लूक बिघडतो’ म्हणून काढून टाकणारे तर नक्कीच, आणि ते झालेलंच बरं.